मलिद्याचे ताट आणि आभाराचा भार

पदवीच्या शेवटच्या वर्षाला भाषासंपर्काचा घटक शिकवताना आम्ही एकदा फळ्यावर ‘मलिदा’ हा शब्द लिहिला आणि वर्गात हशा पिकला. बावड्याच्या परिसरातल्या मुलांना हा शब्द ठाऊक आहे तो मुख्यतः वर्तमानपत्रांमुळे. रस्त्याच्या कंत्राटातला मलिदा कोणी लाटला, टँकरच्या बिलातला कोणी खाल्ला, या अर्थाने. हशा ओसरल्यावर मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी म्हणाली की तिच्या आजोळी पिराच्या उरुसाला मलिदा करतात. चपात्या चुरायच्या, त्यात गूळ-तूप घालून मळायचे आणि दर्ग्यात नेऊन वाटायचे. ते आम्हांला हवेच होते, कारण मूळ फारसी शब्दाचा अर्थच चोळलेले, मळलेले असा आहे. मग आम्ही तिसरा अर्थ सांगितला. कोकणातले आणि मुंबईचे मराठी यहुदी, म्हणजे बेने इस्राएल, हेही मलिदा करतात आणि तो त्यांचा देवाचे आभार मानण्याचा विधी आहे. वर्ग गप्प झाला. थोड्या वेळाने एकाने विचारले, “म्हणजे त्यांनी तो मुसलमानांकडून घेतला का? मग तो त्यांचा कसा?”

प्रश्न सरळ होता, उत्तर सरळ नव्हते. तासाची घंटा झाली म्हणून आम्ही त्या दिवशी सुटलो. प्रस्तुत टिपण हे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर आहे; आणि ते देता देता आम्हांला एका दुसऱ्याच प्रश्नापाशी यावे लागले, हेही आधीच सांगून टाकतो.

यहुदी परंपरेत आभार ही सौजन्याची बाब नाही, ती नावातच आहे. ‘यहुदी’ हा शब्द यहूदा या नावावरून आला. उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची नावडती बायको लेआ हिला चौथा मुलगा होतो, तेव्हा ती आता परमेश्वराचे स्तवन करायचे असे म्हणून त्याचे नाव यहूदा ठेवते. स्तवन, कबुली आणि आभार या तिन्ही अर्थांचे ते एकच क्रियापद आहे; आजच्या हिब्रूत आभार मानताना म्हणतात तो ‘तोदा’ हा शब्दही त्याच धातूचा. म्हणजे व्युत्पत्तीच्या न्यायाने यहुदी म्हणजे आभार मानणारा, किंवा कबूल करणारा. आमच्या मराठीत मात्र ‘आभार’ या शब्दात भार आहे. उपकाराचे ओझे डोक्यावर घेणे, ऋणी होणे, उतराई होणे, हा आपला सगळा शब्दसंसार देण्याघेण्याचा आणि हिशेबाचा आहे. हा फरक पुढे उपयोगी पडेल.

आभार कोणी मानावेत याचाही तालमुदात निर्णय आहे. ‘बेराखोत’ या भागात चौघांवर ते कर्तव्य सांगितले आहे: समुद्र ओलांडून आलेला, वाळवंट पार केलेला, आजारातून उठलेला आणि कैदेतून सुटलेला. स्तोत्रसंहितेतल्या १०७व्या स्तोत्रात याच चार प्रसंगांची वर्णने आहेत. त्याआधीच्या काळात, जेरुसलेमचे मंदिर उभे होते तेव्हा, असा माणूस आभाराचे अर्पण घेऊन जात असे. लेवीय ग्रंथात त्याचा एक विलक्षण नियम आहे. अर्पणासोबत भाकरी द्यायच्या, पुढे मिश्नाने त्यांची संख्या ४० सांगितली; आणि ते सगळे त्याच दिवशी संपवायचे, सकाळपर्यंत काही उरवायचे नाही. इतर शांत्यर्पणांना दोन दिवसांची मुदत असे, याला एकच. भाष्यकारांनी याचे कारण सुंदर दिले आहे. एवढे अन्न एका माणसाला एका दिवसात संपवता येणार नाही, म्हणून त्याला चार माणसे बोलवावी लागतील, आणि माणसे आली की काय घडले ते सांगावे लागेल. आभार एकट्याने मानता येत नाहीत, त्यासाठी पंगत लागते.

आता बेने इस्राएल. त्यांची मूळकथा समुद्राची आहे. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यापाशी जहाज फुटले, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, बुडालेल्यांना किनाऱ्यावरच मूठमाती दिली गेली, अशी ती कथा. कोणत्या शतकात, कुठून, याविषयी अभ्यासकांचे एकमत नाही आणि आम्हांला इथे त्याची गरजही नाही. कोकणातल्या गावांत हे लोक तेल गाळून राहिले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटले. आडनावे गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, किहीमकर, चेऊलकर, दिवेकर, राजपूरकर. निस्सिम एझिकेल या इंग्रजी कवीने आपल्या एका प्रसिद्ध कवितेत घाण्यावर पोट भरणाऱ्या आपल्या पूर्वजांचा उल्लेख केला आहे. याच एझिकेलांनी इंदिरा संतांच्या कवितांच्या इंग्रजी अनुवादात सहभाग घेतला होता, हे आमच्या विद्यार्थ्यांना सहसा ठाऊक नसते.

दुसरी कथा कैदेची. सामाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझिकेल दिवेकर, हे ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतले अंमलदार. इंग्रज-म्हैसूर युद्धात ते टिपू सुलतानाच्या कैदेत पडले. परंपरा असे सांगते की त्यांना जात विचारली तेव्हा त्यांनी ‘बेने इस्राएल’ असे उत्तर दिले आणि टिपूच्या आईने, हे नाव कुराणात आहे पण असे लोक आपण कधी पाहिले नाहीत, असे म्हणून त्यांचा जीव वाचवला. कथेतला तपशील कितपत खरा ते असो. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ साली मुंबईत सिनेगॉग बांधले ही गोष्ट मात्र पक्की आहे. बेने इस्राएलांचे मुंबईतले ते पहिले प्रार्थनामंदिर. त्याचे नाव ‘शाआर हारहामीम’, दयेचे द्वार. लोक मात्र त्याला ‘जुनी मशीद’ म्हणत. मशीद बंदर या नावाचा उगम पुष्कळजण याच मशिदीत शोधतात.

तालमुदाने सांगितलेल्या चौघांपैकी दोघे, समुद्रातून वाचलेला आणि कैदेतून सुटलेला, या समाजाच्या इतिहासाच्या दोन्ही दरवाजांवर उभे आहेत. आणि गंमत अशी की पहिल्या दरवाजापाशी उभ्या असलेल्यांना तालमूद ठाऊकच नव्हता. त्यांच्याजवळ काय उरले होते? सुंता, शनिवारचा विसावा, खाण्याच्या काही बंधनांची स्मृती, ‘शेमा’ ही एक प्रार्थना आणि सण. हिब्रू गेली होती, ग्रंथ गेले होते. सण मात्र राहिले, आणि राहिले ते मराठी नावांनी.

ही नावे आपल्याला मुख्यतः हाईम सॅम्युएल केहीमकर यांच्यामुळे ठाऊक आहेत. त्यांनी १८९७ साली आपल्या समाजाचा इतिहास इंग्रजीत लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवमध्ये, लेखकाच्या निधनानंतर कित्येक वर्षांनी. त्या यादीत ‘नव्याचा सण’ आहे, म्हणजे वर्षारंभ. ‘दारफळणीचा सण’ म्हणजे योम किप्पूर: पांढरी वस्त्रे घालायची, दारे लावून घ्यायची, उपास करायचा. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’, त्या दिवशी दानधर्म आणि भेटीगाठी. वल्हांडण म्हणजे ‘अनाशी ढाकाचा सण’, आंबट द्रवाचे भांडे झाकून ठेवण्याचा. मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिन म्हणजे ‘बिरड्याचा सण’, कारण त्या दिवशी वालाचे बिरडे. पुरीम म्हणजे ‘होळीचा सण’. एका उपासाच्या महिन्याला तर सरळ ‘रमजान’ म्हटले आहे.

भाषेच्या अभ्यासकाने या यादीपाशी थोडे थांबावे, असे आम्हांला वाटते. एकाही नावात धर्मशास्त्राचा शब्द नाही. सणाचे नाव स्वयंपाकघरातून किंवा दारातून येते: खीर, बिरडे, झाकण, दार. ‘दार फळणे’ ही शब्दयोजना कोणा रब्बीची नव्हे, ती घर झाकणाऱ्या बाईची आहे. ज्ञानकोशातला लेख सण का साजरा करतात ते सांगतो. ही नावे त्या दिवशी घरात काय करायचे तेवढेच सांगतात, आणि ग्रंथ हरवलेल्या समाजाला तेवढेच पुरेसे होते. आम्हांला वाटते, ही नावे घरातल्या बायकांनी टिकवली. याला पुरावा नाही. नावेच काय ती साक्ष.

‘होळीचा सण’ या नावामागे पंचांगही आहे. यहुदी आणि आपले पंचांग दोन्ही चांद्रसौर. दोन्हींत अधिक मास घालून मेळ बसवतात. त्यामुळे पुरीम फाल्गुनी पौर्णिमेच्या आसपास येतो, वल्हांडण चैत्री पौर्णिमेच्या, मांडवांचा सण आश्विनी पौर्णिमेच्या. दोन अधिक मास एकाच वेळी पडत नाहीत, म्हणून कधी महिन्याचे अंतर पडते, पण चंद्र तोच. कोकणातल्या गावात राहणाऱ्या, छापील पंचांग नसलेल्या माणसाला आपला सण कधी आला हे कळायला शेजाऱ्याची होळी पेटलेली दिसणे पुरेसे असेल.

आणि या यादीत ‘खिरीचा सण’ आहे. तिश्री महिन्याच्या सुरुवातीला, नवीन वर्षाच्या दिवसांतच तो येई. नव्या धान्याची खीर, नारळाचा रस घालून केलेली, ऊद जाळून, शेमा म्हणून मग खायची. शास्त्राप्रमाणे या ऋतूत मांडव घालून आठवडाभर राहायचा सण आहे, तो मुळात सुगीचा. मांडव विसरले गेले, सुगी विसरली गेली नाही. याच दिवसांत कोकणात भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधतात, आश्विनी पौर्णिमेला नवान्न पौर्णिमा म्हणतात. ‘नव्याचा सण’ यातले ‘नवे’ म्हणजे नवे वर्ष की नवे भात? आमचे वाचन असे आहे की हा शब्द वापरणाऱ्याने ही निवड कधी केलीच नसावी. आमच्याकडे नीरा-भीमेच्या पट्ट्यात आता ऊसच फार. कारखान्याची मोळी टाकतात त्या दिवशी नारळ फुटतो खरा, पण तो नवान्नाचा आनंद नव्हे. तरी ज्यांच्या घरी अजून ज्वारी येते त्यांच्याकडे पहिल्या कणसांचा नैवेद्य होतोच.

आता मलिदा. मोठे ताट घ्यायचे. भिजवलेले पोहे, गूळ किंवा साखर, खवलेला ओला नारळ, वेलदोडा, सुकामेवा यांची रास करायची, भोवती पाच प्रकारची फळे मांडायची, खजूर ठेवायचा आणि गुलाबाची फुले. मग एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, याचे हिब्रू गीत समूहाने म्हणायचे. झाडाच्या फळाचा आशीर्वाद वेगळा, जमिनीतून येणाऱ्याचा वेगळा, धान्याचा वेगळा, सुगंधाचा वेगळा. एकेक आशीर्वाद म्हणून एकेक वस्तू वाटायची. लग्नाच्या आधी, सुंतेला, नव्या घरात, आजारातून उठल्यावर, परदेशी जाताना, नवस फेडताना मलिदा होतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावी एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाच्या घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या मानल्या जातात. त्याला ‘एलियाहू हनाबीचा टापा’ म्हणतात आणि लोक तिथे जाऊन मलिदा करतात. शेवाट महिन्याच्या पौर्णिमेचा झाडांचा सण केहीमकरांच्या यादीत ‘एलियाहू हनाबीचा ऊरूस’ या नावाने येतो. ऊरूस! आमच्या मागच्या बाकावरच्या विद्यार्थिनीला हा शब्द ऐकून अजिबात आश्चर्य वाटले नाही.

तर हा विधी कोणाचा? नाव फारसी, ऊरूस सुफी, पोहे-नारळ कोकणी, नवस आपला सगळ्यांचा, गीत हिब्रू, आशीर्वाद तालमुदातले. समाजातल्या अभ्यासकांनी त्याचे नाते लेवीय ग्रंथातल्या अन्नार्पणाशी जोडले आहे. बाहेरच्या अभ्यासकांना त्यात शेजाऱ्यांची छाप अधिक दिसते. आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न इथेच होता. पण हा प्रश्न फक्त कोकणातला नाही. दुसऱ्यांचा आभाराचा दिवस आपण पाळावा की नाही, यावर यहुदी धर्मशास्त्रात जी सर्वांत मोठी चर्चा झाली ती अमेरिकेत. ती थोडक्यात पाहिल्याशिवाय मलिद्याकडे परतता येणार नाही.

अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी ‘थँक्सगिव्हिंग’ची राष्ट्रीय सुट्टी असते. तिकडे असलेल्या मराठी घरांतही त्या दिवशी टर्कीच्या ऐवजी पुरणपोळी किंवा दोन्ही, असे चालते म्हणतात. अध्यक्ष वॉशिंग्टन यांनी २६ नोव्हेंबर १७८९ हा आभाराचा दिवस जाहीर केला. पुढे लिंकन यांनी १८६३ साली, ऐन यादवी युद्धात, त्याला राष्ट्रीय रूप दिले आणि १९४१च्या कायद्याने आजची तिथी ठरली. १७८९च्या त्या पहिल्या दिवशी न्यूयॉर्कच्या ‘शेअरिथ इस्राएल’ या सिनेगॉगमध्ये गेर्शोम मेंडेस सेशस यांनी प्रवचन केले. त्याचा आशय असा की नव्या राज्यघटनेच्या लाभांत आपण समान भागीदार आहोत, म्हणून आभार मानू या. पाहुणे म्हणून नव्हे, भागीदार म्हणून. हा शब्द वाचकांनी लक्षात ठेवावा.

भागीदारी किती तकलादू असते ते १८४४ साली दिसले. साउथ कॅरोलायनाचे गव्हर्नर हॅमंड यांनी आभारदिनाचा जाहीरनामा काढला तो ख्रिस्ती राष्ट्राच्या नावे, तारणाऱ्या ख्रिस्ताचा उल्लेख करून. चार्ल्सटनच्या शंभरावर यहुद्यांनी सह्यांनिशी निषेध केला. गव्हर्नरांनी माफी मागितली नाही, उलट आपले म्हणणे ताणून धरले. ज्या दिवशी सगळ्यांनी एकत्र बसायचे त्याच दिवशी काहींना ताटावरून उठवले गेले.

विसाव्या शतकात प्रश्न आतून आला. लेवीय ग्रंथात परक्यांच्या रीतींप्रमाणे चालू नका अशी आज्ञा आहे. मग हा गुरुवार परक्यांची रीत का? इथे रब्बींनी ज्या जुन्या निर्णयाचा आधार घेतला तो आम्हां मास्तरमंडळींना फार आवडला. पंधराव्या शतकात इटलीत योसेफ कोलोन या धर्मशास्त्र्यांपुढे प्रश्न आला की यहुदी वैद्याने विद्यापीठाचा, बिगरयहुदी वैद्य घालतात तो, झगा घालावा का. त्यांनी म्हटले, घालावा. ज्या रीतीत लज्जाहीनता आहे, किंवा जिचे कोणतेच समजण्याजोगे कारण नाही आणि म्हणून जिच्यामागे दैवतपूजेचा संशय येतो, ती वर्ज्य. पण झगा हा विद्येची खूण आहे, त्याला कारण आहे. क्राकोवच्या मोशे इस्सेरलेस यांनी सोळाव्या शतकात हाच निकष मान्य केला. पुढे विल्ना येथील गाओन यांनी तो फार सैल मानला. म्हणजे प्रश्न मुळाचा नव्हे, कारणाचा. पदवीदान समारंभात दरवर्षी झगा घालणाऱ्यांनी आपल्या झग्याचे कारण काय, असे स्वतःला विचारले तर बरे होईल. पण तो विषय वेगळा.

या निकषावर अमेरिकेतले रब्बी विभागले गेले. रब्बी यित्झहाक हुटनर यांनी विरोध केला: ख्रिस्ती कालगणनेवर ठरवलेला सण तो सणच, त्यापासून दूर राहावे. रब्बी मोशे फाइनस्टाइन यांनी मधला मार्ग काढला. हा धार्मिक सण नाही, त्या दिवशी जेवणावळ करायला हरकत नाही. पण त्याला कर्तव्याचे, विधीचे रूप देऊ नये, कारण आज्ञांत भर घालायलाही तोरेने मनाई केली आहे. रब्बी योसेफ सोलोव्हेचिक यांना आभार मानण्यात काहीच गैर वाटले नाही, असे त्यांचे शिष्य सांगतात. टर्की हा नव्या जगातला पक्षी, त्याच्याविषयी प्राचीन परंपरा नाही, म्हणून तो खाण्याजोगा का, हाही एक उपप्रश्न होताच. शास्त्रार्थ म्हटला की पक्षीही सुटत नाही.

हे तिन्ही रब्बी मोठे, तिन्ही मते अभ्यासपूर्वक मांडलेली. तरी आम्हांला असे वाटते की तिघांच्याही समोर सण हा बाहेरून आलेला, जाहीरनाम्याने आलेला होता. तो दारात उभा होता आणि त्याला आत घ्यायचे की नाही एवढाच प्रश्न होता. बेने इस्राएलांच्या बाबतीत दारात उभे राहायला कोणी नव्हते. रूप शेजाऱ्याचे आणि आशय आपला अशी फाळणी करायला बाहेरचा डोळा लागतो. कोलोन यांचा निकष लावला तर मलिद्याचे कारण लख्ख आहे: वाचलो, बरे झालो, सुटलो, पोचलो. परंतु तो निकष लावायला कोणी बसलेच नव्हते. ग्रंथ हरवल्यावर आभाराचे अर्पण जसे करता येईल तसे ते करत आले: धान्य, फळे, माणसे जमवणे आणि सगळे वाटून टाकणे. मंदिरातल्या त्या ४० भाकरींची आणि या ताटाची वंशावळ कागदावर जुळवता येणार नाही. दोन्ही ठिकाणी उरवायचे नसते आणि एकट्याने खायचे नसते, एवढे मात्र दिसते.

बाहेरचा डोळा पुढे आलाच. १९५०च्या आसपास भारतात सुमारे २० हजार बेने इस्राएल होते. पुढच्या दशकांत बहुसंख्य इस्राएलला गेले. तिथे १९६२ साली प्रमुख रब्बिनेटने सूचना काढल्या की बेने इस्राएल व्यक्तीच्या विवाहापूर्वी तिच्या पूर्वजांची चौकशी व्हावी. ज्यांना शेजाऱ्यांनी शतकानुशतके यहुदी म्हणूनच, शनिवार पाळणारे म्हणूनच ओळखले, त्यांना यहुद्यांच्या देशात यहुदी असल्याचा दाखला मागितला गेला. निदर्शने झाली, धरणे झाले. ऑगस्ट १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने हे सर्वार्थाने यहुदीच आहेत असे जाहीर केले आणि रब्बिनेटला त्या सूचना बदलाव्या लागल्या. या सगळ्या काळात, आणि त्यानंतर, मलिदा थांबला नाही. लाज वाटून तो सोडून द्यावा अशी परिस्थिती होती. घडले उलटे: इस्राएलमध्ये तो या समाजाची ओळख झाला. सोबत मराठीही काही काळ टिकली, ‘मायबोली’ नावाचे नियतकालिक तिकडून निघत राहिले.

मराठीचा विषय निघाला म्हणून सांगतो. या समाजाने आपला धर्म परत मिळवला तो मोठ्या प्रमाणात मराठीतून. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ साली मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले; हेतू धर्मांतराचा होता, उपयोग उलटा झाला. वल्हांडणाच्या रात्री वाचायचा हगादा मराठी अनुवादासह मुंबईत १८४६ साली आणि पुण्यात १८७४ साली छापला गेला. पुण्याच्या हगाद्यातल्या चित्रांत बेखमीर भाकरी लाटणाऱ्या बायका लुगडे नेसून, केसांत फुले माळून बसल्या आहेत. याच पोथीत ‘दायेनू’ हे आभाराचे प्रसिद्ध गीत असते, त्यात देवाचे पंधरा उपकार एकेक करून मोजले जातात. १८८०च्या सुमारास मुंबईत बेने इस्राएलांची कीर्तने सुरू झाली, तीही आख्यान लावून, साकी-दिंडी-ओव्यांत. विषय अब्राहाम, योसेफ. मराठी कीर्तनपरंपरेच्या इतिहासात या अध्यायाला आम्हांला तरी पुरेशी जागा दिलेली दिसली नाही. ज्याने कीर्तन कोणाचे असे विचारले असते त्याला नारदाच्या गादीकडेच बोट दाखवावे लागले असते.

आता ज्या दुसऱ्या प्रश्नाचा उल्लेख सुरुवातीला केला तो. हा सारा इतिहास वर्गात सांगितला तेव्हा विद्यार्थ्यांना अभिमान वाटला. जगात सगळीकडे यहुद्यांचा छळ झाला, आपल्याकडे झाला नाही. त्यांनीही आपले उपकार मानले. असे वाक्य भाषणांत आपण नेहमी ऐकतो, आम्हीही उच्चारले आहे. ते खोटे नाही. महाराष्ट्र शासनाने २०१६ साली यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला तेव्हाही हेच बोलले गेले. परंतु या वाक्यात आभाराचा कर्ता बदलतो. देवाला वाहिलेले ताट आपण नकळत आपल्यापुढे ओढून घेतो. ज्यांनी समुद्रातून वाचल्याबद्दल, कैदेतून सुटल्याबद्दल आभार मानले त्यांच्याकडून आपण किनारा असल्याबद्दल आभार वसूल करू लागतो.

आणि किनारा काही स्वर्ग नव्हता. ‘शनिवार तेली’ हे कौतुकाचे नाव नाही, ते जातीच्या उतरंडीतले स्थान आहे. घाण्यावरच्या माणसाला ते जसे मिळते तसे मिळाले. उतरंड इतकी आत मुरली की त्या छोट्या समाजातही ‘गोरे इस्राएल’ आणि ‘काळे इस्राएल’ असे दोन थर पडले आणि त्यांच्यात रोटीबेटी बंद राहिली. हाही शेजाऱ्यांकडून घेतलेला वारसाच. खिरीबरोबर हेही आले. कोलोन यांचा निकष इथे लावला असता तर बरे झाले असते, कारण या रीतीला कोणतेच सांगण्याजोगे कारण नव्हते.

यिर्मया संदेष्ट्याने बाबिलोनला नेलेल्या बंदिवानांना पत्र लिहून, ज्या नगरात आहात त्याचे हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा, असे सांगितले होते. तेव्हापासून यहुदी जिथे गेले तिथल्या राज्यासाठी प्रार्थना करत आले. त्या प्रार्थनेचे आणि सेशस यांच्या प्रवचनाचे अंतर आम्हांला मोलाचे वाटते. पहिली बंदिवानाची आहे, दुसरे भागीदाराचे. हॅमंड यांना पहिली चालली असती, दुसरे सोसले नाही. यजमानाला नेहमी पाहुण्याचे आभार आवडतात. भागीदाराने आभार मानले तर त्यात आपलाही हिशेब मांडावा लागतो, आपणही कोणाचे तरी मानायचे राहून गेले आहेत हे आठवते. बेने इस्राएलांचे आपल्यावर काय आहे, याची यादी आपण कधी केली? दिवेकरांसारखे कंपनीच्या फौजेतले लोक सोडा, ते आपल्या विरुद्ध बाजूलाही लढले असतील. पण पिढ्यानुपिढ्यांचे शिक्षक आहेत, डॉक्टर आहेत, दोन हगादे आहेत, कीर्तने आहेत, सणांची ती मराठी नावे आहेत. ‘दारफळणी’ हा शब्द मराठीला त्यांनी दिला. आमच्या कोशांत तो कितीजणांना सापडेल?

पुढच्या तासाला आम्ही एवढे सगळे सांगितले नाही. सणांची नावे फळ्यावर लिहिली आणि प्रत्येकावरून तो सण कशाचा असेल ते ओळखायला सांगितले. ‘शिळा सण’ सर्वांना लगेच कळला. करीच्या दिवशी घरोघरी शिळेच असते. ‘बिरडे’ आमच्याकडच्या मुलांना माहीत नव्हते, कडवे वाल इकडे होत नाहीत. ‘अनाशी ढाका’पाशी सगळेच अडले. मग तोच मागचा प्रश्नकर्ता उभा राहिला. आता त्याचा प्रश्न बदलला होता. त्याला विचारायचे होते की खिरीच्या सणाची खीर नव्या भाताची असे, तर जिथे भात पिकत नाही तिथे गेलेले लोक ती कशाची करत असतील, बाजरीची चालत असेल का.